मिड विकेटवरची टिटवी

"आणि हा उंच मारलेला चेंडू... चेंडू हवेत... चेंडूखाली संभा... कुसळवाडीचा ढाण्या वाघ संभा, याच्या हातून आजवर माशीसुद्धा सुटलेली नाही... संभा आला... संभा थांबला... संभा... संभा पळाला की हो."

एवढं बोलून मीच माईकवर गप्प झालो. क्षेत्ररक्षक चेंडूमागं पळाला हे वाक्य मी हजार वेळा बोललो असेन, पण चेंडू सोडून, डोक्यावर दोन्ही हात घेऊन उलट्या दिशेनं पळणारा क्षेत्ररक्षक मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. संभाच्या डोक्यावर एक टिटवी झेपा टाकत होती. तिनं ओरडून ओरडून सगळा माळ डोक्यावर घेतला होता. संभा डावीकडं वळला की ती डावीकडं, उजवीकडं वळला की ती उजवीकडं. तेवढ्यात समोरच्या गड्यांनी सहा धावा पळून काढल्या आणि सातवीला निघाले, तेव्हा कुठं पंचांनी खेळ थांबवला.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी चैत्रात टेनिस बॉलचे सामने भरायचे आणि त्यांचं समालोचन मी करायचो. मी म्हणजे सर्जेराव, गावातल्या पिठाच्या गिरणीवरचा. गिरणीच्या घरघराटात बायकांशी बोलून बोलून माझा आवाज असा कमावला गेला होता, की माईक बंद पडला तरी शेजारच्या गावाला स्कोअर कळायचा. असं लोक म्हणायचे. मीच पहिल्यांदा म्हटलं होतं, मग लोक म्हणायला लागले.

त्या वर्षी माझ्यासाठी गोष्ट साधी नव्हती. तालुक्याचे मोठे सामने भरवणारे निकम अण्णा रविवारी आमची फायनल बघायला येणार होते. फायनल बघायला म्हणजे मला ऐकायला. त्यांचा जुना समालोचक पुण्याला मुलाकडं गेला होता आणि त्यांना नवा आवाज हवा होता. त्यांनी निरोप धाडला होता, "पोराला म्हणावं, चालू सामन्यात माईकवर ऐकणार. आवडला तर पुढल्या महिन्यापासून आमचा." पस्तीस वर्षांच्या माणसाला पोरगा म्हटलं म्हणून राग यावा, तर मला आनंदानं दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. मी आरशासमोर 'नमस्कार क्रिकेट रसिकहो' एवढं एकच वाक्य अकरा तऱ्हांनी म्हणून बघितलं होतं.

तर शनिवारी सकाळी, सेमी फायनलमध्ये ही टिटवी उपटली.

आम्ही सगळे मिड विकेटच्या बाजूला गेलो. तिथं मैदान जरा खोलगट आहे. त्या खळग्यात चार खडे, थोड्या मेंढराच्या लेंड्या आणि त्यात चार अंडी. मातकट रंग, वर काळे ठिपके. नीट बघितल्याशिवाय दगड कुठला आणि अंडं कुठलं कळत नव्हतं. संभाचा पाय त्यांच्यापासून वीतभर अंतरावर पडला होता.

"हिला सगळा माळ सोडून हीच जागा घावली का?" आमच्या स्पर्धेचे अध्यक्ष जालिंदरबापू म्हणाले. संभा त्यांचाच मुलगा.

"माळ तिचाच हाय," मागून आवाज आला. हौसाक्का काठी टेकत आली होती. साठीची धनगरीण, खांद्यावर घोंगडी. तिची मेंढरं या माळावर आमच्या क्रिकेटच्या आधीपासून चरत होती, आणि ते ती आम्हाला वरचेवर ऐकवायचीही. तिनं लांबूनच वाकून अंडी बघितली आणि तोंडानं च्च केलं.

"काय झालं आक्का?" बापूंनी विचारलं.

"खोलात घातल्यात. टिटवी उंचावर अंडी घालती तवा पाऊस दांडगा असतो. खोलात घातली, म्हंजी तिला पाण्याचं भ्या न्हाई. यंदाचं काय खरं न्हाई बापू."

सगळ्यांची तोंडं उतरली. आदल्या वर्षी गावानं पाच महिने टँकरचं पाणी प्यायलं होतं. बापू म्हणाले, "आक्का, जरा परत बघ की. एवढी काय लई खोल जागा न्हाई ती." जसं काय हौसाक्कानं शब्द फिरवला की ढगही माघारी वळणार होते.

मग वाद सुरू झाला. कोणी म्हणालं सामने बंद करा, कोणी म्हणालं पुढच्या आठवड्यावर ढकला, कोणी म्हणालं एका पाखरापायी जत्रेचे सामने अडलेले बापजन्मात ऐकले नाहीत. शेवटी बापूंनी वनखात्याच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या लोखंडे मॅडम म्हणाल्या, "मी दुपारी येते. तोवर कशाला हात लावू नका." बापूंनी ते सगळ्यांना सांगितलं. मीसुद्धा ऐकलं. ऐकलं नाही असं मी आजही म्हणणार नाही.

पण माझ्या डोळ्यांसमोर निकम अण्णा होते. मॅडम येणार, सामने बंद म्हणणार, उद्या अण्णा येणार आणि मोकळा माळ बघून माघारी जाणार. हे मला दिसायला लागलं आणि डोक्यात किडा वळवळला. टिटवीला उंच जागा मिळाली तर? मैदानही मोकळं होईल आणि पाऊसही दांडगा पडेल. एका दगडात दोन पक्षी. त्या वेळी ही म्हण मला अगदी चपखल वाटली होती.

दुपारी सगळे लिंबाखाली जेवायला बसले. मी प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस घेतला, धावफलकावरचा सातच्या आकड्याचा पत्रा काढला, तो डोक्यावर धरला आणि खळग्याकडं गेलो. टिटवीनं पत्र्यावर असे काही तडाखे दिले की आतमध्ये माझ्या कानठळ्या बसल्या. पण मी चारी अंडी टोपीत घेतली आणि मैदानाच्या टोकाला जे टेकाड आहे, त्याच्या पार माथ्यावर, म्हसोबाच्या दगडाजवळ नेऊन ठेवली. खाली कापसाची गादी, बाजूनं कापसाची उशी. टिटवीच्या सात पिढ्यांत कोणी कापसावर जन्मलं नसेल. मी म्हसोबाला हात जोडले आणि ऐटीत खाली आलो.

जेवणं झाल्यावर समालोचनाच्या माचणावर चढलो आणि माईक हातात घेतला.

"क्रिकेट रसिकहो, एक आनंदाची बातमी. आपल्या मैदानावर मुक्कामी असलेल्या टिटवीबाईंनी स्वखुशीनं आपलं बिऱ्हाड म्हसोबाच्या टेकाडावर हलवलेलं आहे. म्हणजे यंदा पाऊस कसा, तर भरपूर. टाळ्या झाल्या पाहिजेत."

टाळ्या झाल्या. बापूंनी फेटा सारखा केला आणि खेळ सुरू करा म्हणून हात केला. एकटी हौसाक्का माझ्याकडं बघत राहिली.

"टिटवी अंडी कशी हलवंल रं?" ती खालून म्हणाली. "तिला काय हात हायत?"

मी कर्ण्याचा आवाज वाढवला.

दोन षटकं नीट गेली. तिसऱ्या षटकात मी सांगत होतो, "गोलंदाज आपल्या लांब पल्ल्याच्या धावेनं..." आणि माझी नजर मिड विकेटकडं गेली. टिटवी परत आली होती, त्या खळग्यातच. क्षेत्ररक्षक लांब होता. ती उभी राहिली, खाली वाकून बघितलं, चोचीनं एक खडा सरकवला आणि मग अंग फुलवून त्या मोकळ्या जागेवर बसली. थोड्या वेळानं उठली. परत खाली बघितलं. परत बसली.

"...धावेनं... येतोय..." मी म्हणालो. गोलंदाजाचा चेंडू टाकून, फलंदाजाचा मारून आणि क्षेत्ररक्षकाचा परत फेकून झाला होता.

मग ती उडाली आणि मेंढरांच्या पाण्याच्या डोणीवर गेली. मला हायसं वाटलं. म्हटलं, समजलं वाटतं बाईला. पण ती डोणीत पोटापर्यंत उतरली, दोनदा अंग हलवलं आणि पाणी ठिबकत परत आली, ती सरळ त्या खळग्यात. बसली.

"हे काय करतीय?" मी माईक बाजूला धरून खाली हौसाक्काला विचारलं.

"पोट भिजवून आलीय. उनानं अंडी तापत्यात, ती निवावीत म्हणून." हौसाक्का माझ्याकडं न बघता बोलली. "सकाळपसनं तिचे असे धा-बारा हेलपाटे झाल्यात. कुणासाठी करतीय कुणास ठाव."

टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात. मी ती म्हण माईकवर चिवट फलंदाजाला वापरायचो. समोर खरी टिटवी पोटाच्या पिसांतून पाणी वाहून आणत होती आणि मला पुढचं वाक्य सुचेना. सामना चालू होता, लोक माझ्याकडं बघत होते आणि कर्ण्यातून नुसती खरखर येत होती.

त्याच वेळी लोखंडे मॅडम स्कूटी लावून आल्या. तिशीच्या आतल्या, खाकी कपड्यात, अंगानं किरकोळ, पण चाल अशी की बापू उठून उभे राहिले. मॅडम सरळ मैदान ओलांडून खळग्यापासून वीस पावलांवर थांबल्या, टिटवी उठताच खाली काहीच नाही हे दुर्बिणीतून बघितलं आणि माचणाखाली आल्या.

"अंडी कोणी हलवली?"

"टिटवीनंच," बापू म्हणाले. "सर्जानं माईकवर तसं सांगितलं की."

मॅडमनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. ओरडल्या नाहीत. "हे बघा, आत्ता मला कोणावर केस करायची नाही. या उन्हात अंडी उघडी असतील तर एकेक मिनिट महत्त्वाचं आहे. कोणी ठेवली आणि कुठं, एवढंच सांगा."

"मी," मी म्हणालो. "मी हलवली. टेकाडावर ठेवली."

माईक तोंडासमोर होता आणि चालू होता. चार कर्ण्यांतून चारी दिशांना माझी कबुली गेली. पार गावातल्या देवळापाशी पाळण्यात बसलेल्या बायकांनीसुद्धा ती ऐकली, हे मला नंतर कळलं.

मी माचणावरून उडी टाकली आणि टेकाडाकडं धावलो. मागून मॅडम. माथ्यावर पोहोचलो तर म्हसोबाच्या दगडावर कावळा बसला होता आणि त्याच्या पायाशी टरफल होतं. माझा पांढराशुभ्र कापूस पार खालच्या बांधावरून दिसत होता, कावळ्याला काय, विमानातूनही दिसला असता. तीन अंडी राहिली होती. मी उचलली तर हाताला चटका बसावा अशी तापलेली.

"कापूस ठेवू नका, नुसती घ्या. ओंजळीत सावली धरा," मॅडम म्हणाल्या. "आणि पळू नका, हलतील."

टेकाड उतरताना मी आयुष्यात चाललो नसेन इतका सावकाश चाललो. मैदानावर खेळ थांबला होता. जागा शोधायची गरजच नव्हती, टिटवी तिच्यावर बसून होती. आम्ही जवळ आलो तशी उठली आणि तिनं पुन्हा माझ्या डोक्याचा ताबा घेतला. या वेळी मी पत्रा घेतला नव्हता. मॅडमनी सांगितलं तशी मी अंडी ठेवली, निमुळती टोकं आत, एकमेकांना लागून. मग सगळे पन्नास पावलं मागं सरकलो.

ती येईना. वर घिरट्या घालायची, खाली यायची, परत भुर्र व्हायची.

"तो आवाज कसला?" मॅडमनी विचारलं.

आवाज कर्ण्याचा होता. मी माईक तसाच टाकून आलो होतो आणि त्यातून शिट्टी वाजत होती. चारातला एक कर्णा नेमका मिड विकेटच्या खांबावर होता, खळग्याच्या बरोबर वर. मीच तो तिथं बांधला होता, निकम अण्णांची खुर्ची त्या बाजूला पडणार म्हणून. मी जाऊन वायर उपटली. माळावर सामसूम झाली. दोनशे माणसं श्वास धरून उभी. टिटवी लांब उतरली, चार पावलं चालली, थांबली, परत चालली, आणि बसली. बसल्यावर तिनं पोटाखाली चोच घालून एकेक अंडं सारखं केलं.

बापू हळूच म्हणाले, "मोजती काय गं ती?"

"एक कमी हाय म्हटल्यावर मोजणारच," हौसाक्का म्हणाली.

मॅडमनी नंतर मला बाजूला घेतलं आणि जे सुनावलं ते सगळं इथं लिहीत नाही. घरट्याला हात लावणं हा कायद्यानं गुन्हा आहे, मनात आणलं तर त्या तिथल्या तिथं कागद करू शकत होत्या. एवढं मात्र सांगतो, त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटलं तुम्ही मदत करताय. पाखराला मदत करायची तर पहिली मदत म्हणजे लांब राहायचं. तुमच्याकडं बघून वाटत नाही, पण जमवा."

मग त्यांनी बापूंना अटी घातल्या. खळग्याभोवती वीस पावलांचं रिंगण पांढऱ्या फक्कीनं आखायचं. रिंगणात चेंडू गेला की दोन धावा आणि चेंडू मेला, कोणी आत जायचं नाही. फटाके नाहीत, हलगी नाही, आरडाओरडा नाही, कर्णा तर अजिबात नाही. आणि रिंगणापाशी दिवसभर एक माणूस बसायचा, कुत्री आणि क्षेत्ररक्षक दोन्ही हाकलायला. एवढं पाळलं तर फायनल होऊ द्यायची, नाहीतर माळ बंद.

"बसणार कोण?" बापूंनी विचारलं, आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं. कोणालाच नाव घ्यावं लागलं नाही.

रविवारची फायनल आमच्या पंचक्रोशीत अजून सांगतात. कुसळवाडी विरुद्ध ढोकरवाडी, पाचशे माणूस आणि आवाज शून्य. चौकार गेला की लोक दोन्ही हात वर करून नुसते हलवायचे. गडी बाद झाला की गोलंदाज तोंडावर हात दाबून नाचायचा. पंचांकडं अपील करायचं म्हणजे त्यांच्या जवळ जाऊन, "सर, बाद आहे का हो?" असं कानात विचारायचं. एका म्हाताऱ्याला खोकला आला तर दोघांनी त्याला उचलून बांधापलीकडं नेऊन खोकवून आणला.

मी फक्कीच्या रेषेबाहेर, सामन्याकडं पाठ आणि टिटवीकडं तोंड करून बसलो होतो. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी फायनल माझ्या पाठीमागं चालू होती. मागं काय झालं हे नुसतं बॅटच्या आवाजावरून ओळखायचं. लोखंडे मॅडम सकाळी येऊन रिंगण बघून गेल्या, त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं. "तुमच्यावर सोडून जातेय," एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पहिला डाव संपला आणि निकम अण्णा आले. पांढरे कपडे, कपाळावर अष्टगंध. बापू त्यांना घेऊन माझ्याकडं आले, आणि बापूंच्या हातात माईक होता. मागं लांबलचक वायर.

"काय रे, तू सर्जेराव?" अण्णा हळू आवाजात म्हणाले. "मी तीस किलोमीटर तुला ऐकायला आलोय आणि इथं मयताला आल्यासारखं वाटतंय. बापूंनी सगळं सांगितलं. अरे, पाच मिनिटं बोल. एक षटक. कर्णा चालू केल्यावर पाच मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?"

"बाई न्हाईत आत्ता," बापू पुटपुटले. "सर्जा, गावाचं नाव होईल रं."

बापूंनी माईक माझ्या हातात दिला. अंगठा बटणावर आपोआप गेला, सवयीनं. नमस्कार क्रिकेट रसिकहो. अकरा तऱ्हांतली सातवी तऱ्हा मला पसंत होती, ती ओठांवर आली होती. दुपारचा एक वाजला होता. खांबावरचा तो कर्णा आम्ही काढलाच नव्हता, नुसती वायर उपटली होती आणि आता बापूंनी ती जोडून आणली होती. टिटवी चोच उघडी टाकून उन्हात बसली होती. पाच मिनिटं ती उठली, तर पाच मिनिटं त्या अंड्यांवर हे ऊन. काल ती अंडी माझ्या तळहातांना किती गरम लागली होती ते मला आठवत होतं, दुसरं कोणाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"न्हाई जमायचं अण्णा," मी म्हणालो.

"परत येणार नाही मी. कबूल?"

"कबूल."

माईक मी बापूंना परत दिला. अण्णा "बिनबोलता समालोचक कसा ठेवायचा," असं म्हणाले, हसून म्हणाले की रागानं ते मला कळलं नाही, आणि दुसरा डाव अर्धा बघून गाडीत बसून गेले. गाडी चालू करायच्या आधी त्यांनी ती ढकलत बांधापलीकडं नेली, एवढं मात्र खरं.

शेवटच्या चेंडूवर ढोकरवाडीला दोन धावा हव्या होत्या. हे मला नंतर सांगितलं. मी फक्त बॅटचा आवाज ऐकला आणि चेंडू माझ्या गुडघ्याजवळून घरंगळत रिंगणाकडं गेला. मागून संभा जिवाच्या आकांतानं धावत आला आणि रेषेवर असा थांबला की पाय घसरून तोंडावर पडला. चेंडू रेषा ओलांडून पलीकडं गेला, जेमतेम चार बोटं. बघायला मी एकटाच होतो. टिटवी उठून पंख पसरून उभी राहिली होती. पंचांनी लांबून खुणेनं विचारलं. सगळा गाव माझ्याकडं बघत होता.

मी दोन बोटं वर केली.

ढोकरवाडीचे लोक तोंडावर हात दाबून नाचले. आमच्या गावानं मला ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या कुजबुजत दिल्या. पाचशे माणूस दबक्या आवाजात शिव्या देतंय, असा मान दुसऱ्या कोणाला मिळाला नसेल. संभानं तेवढी शिवी दिली नाही. तोंडावरची फक्की पुसत म्हणाला, "आत गेला हुता, दादा. मी बी बगितला."

पुढचे दिवस मी रोज सकाळी गिरणी उघडायच्या आधी माळावर जायचो. हौसाक्का मेंढरं घेऊन आलेली असायची. आम्ही दोघं लांब बांधावर बसायचो. गावात जो तो विचारायचा, अंडी चार होती ना, मग? मी सांगायचो, "एक कावळ्यानं नेलं." दहा-बारा दिवसांत ते वाक्य माझं इतकं पाठ झालं होतं, की विचारायच्या आधीच तोंडातून निघायचं.

बाराव्या दिवशी सकाळी खळग्यात हालचाल दिसली. टिटवी उठली आणि तिच्या पायाखालून बोराएवढं डोकं बाहेर आलं. मग दुसरं. लोकरीच्या गुंड्यांना काड्यांचे पाय लावावेत तशी ती दोघं उभी राहिली, पडली, परत उभी राहिली आणि ऊन चढायच्या आत आईच्या मागून चालायलाही लागली. मी तोंडावर हात धरून बसलो होतो.

टिटवी पिल्लांना घेऊन डोणीकडं निघाली. खळगा मोकळा झाला. मोकळा म्हणजे, त्यात एक अंडं तसंच पडून होतं.

"किती निगाली?" हौसाक्कानं विचारलं. सकाळचं ऊन डोळ्यांवर येत असल्यानं तिला नीट दिसत नव्हतं.

"दोन."

"हुती किती?"

"चार. एक कावळ्यानं नेलं."

"आन एक?"

मी बोलणारा माणूस. मला सांगायला काय कमी होतं. मूळचंच वांझ असेल, उन्हानं गेलं असेल, चैत्रातलं ऊन हो, कोणाच्या हातात असतं. तोंड उघडलं आणि यातलं काहीच बाहेर येईना. टिटवी पुढं थांबून पिल्लांना हाका मारत होती आणि जाताना तिनं एकदा मागं वळून त्या खळग्याकडं बघितलं.

"ते मी मारलं, आक्का," मी म्हणालो. "आणि कावळ्यानं नेलं तेपण मीच त्याला दिलं."

डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गिरणीवाल्या पस्तीस वर्षांच्या माणसानं एका अंड्यासाठी रडावं, याची मला लाजही वाटली नाही.

"एवढंच गावात सांगायचं हुतं," हौसाक्का म्हणाली. "कावळ्याचं नाव कशाला घ्यायचं. त्येला माईक न्हाई."

मग ती काठी टेकून उठली. पिल्लं डोणीच्या वाटेवर मधेच बसली होती आणि आमची खाली जायची वाटही तीच होती. आम्ही ती सोडली आणि लांबच्या बांधानं, मोठा वळसा घालून, एक शब्द न बोलता खाली आलो.